अक्षरं कापणारे सर

आमच्या घरात शांतता म्हणजे उपास. इचलकरंजीत मागांच्या शेडला लागून आमची खोली होती. वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर, आई शेडच्या दाराशी बसून कांड्या भरायची. माग चालू असले की भिंत थरथरायची, फळीवरची भांडी हळूहळू पुढे सरकायची, आणि जेवताना मीठ हवं असलं तरी ओरडून मागावं लागायचं. आम्ही भावंडं अजून फोनवर ओरडूनच बोलतो. माझ्या नवऱ्याला सुरुवातीला वाटायचं, सासरवाडीत रोजच भांडण आहे. पण सूत आलं नाही, मालकानं शेडला कुलूप घातलं, की सगळं गप्प. मग आई डबे उघडून बघायची, झाकण लावायची, थोड्या वेळानं परत उघडायची. एका मंदीत वडील घरातला पाटा-वरवंटा विकून आले. आई काही बोलायच्या आत म्हणाले, "वाटायला आहे काय?"

त्या घरातून मी बी.एस्सी. झाले, मग रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते. शिकलेल्यांच्या पोटी जन्मून शिकण्यात मिरवण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. तरी तसे लोक मिरवतातच. त्यांतल्याच एका गृहस्थांबद्दल लिहायचं आहे.

जुन्या पोथ्या, कागद, कातड्यावरचं लिखाण जतन करायचं काम मी मुंबईत शिकले. लग्न झालं, नवऱ्याला सिंगापूरला, तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली, आणि आम्ही हौगांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. वर्षभर मी घरी बसून अर्ज करत होते. शेवटी बोलावणं आलं ते क्वीन्सटाउनजवळच्या एका खासगी गॅलरीतून. मालक मराठी, पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, उभी हयात सिंगापुरात गेलेली. युरोपातली जुनी हस्तलिखितं लिलावात घ्यायची आणि इथल्या श्रीमंतांना विकायची, हा त्यांचा उत्तरायुष्यातला छंद आणि धंदा.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "घरात तूच पहिली शिकलेली का?"

"हो."

"बोलण्यावरून कळतं."

"बरं झालं," मी म्हटलं, "मला वेगळं सांगावं लागलं नाही."

त्यांना वाटलं मी विनोद केला. हसले, आणि मला नोकरी दिली.

त्यांना 'प्रोफेसर' म्हटलेलं आवडायचं. कुठल्या कॉलेजात होता, असं विचारलेलं आवडायचं नाही. मी 'सर' म्हणायचे. ते कुणालाही म्हणता येतं. पाहुणे असले की मी 'आमच्या मॅडम' आणि पाहुणे लिफ्टमध्ये शिरले की 'अगं ए'. एखादा गोरा पाहुणा आला तर माझी ओळख करून द्यायचे, "ही विणकरांच्या घराण्यातली. हातमागाची परंपरा!" मी म्हणायचे, "हातमाग नाही सर, यंत्रमाग. आणि तोही मालकाचा." ते पाहुण्याला इंग्रजीत सांगायचे की मी फार लाजाळू आहे.

गॅलरीत कायम हिवाळा. बाहेर अंगाला कपडे चिकटणारा उकाडा आणि आत सर लोकरी जाकीट, गळ्यात मफलर. गॅलरी, गाडी आणि कंडोतला फ्लॅट, तिन्ही ठिकाणी एसी. मधल्या चार पावलांत मफलर सैल करायचे. "कातड्याला थंडी लागते," असं कारण सांगायचे. कातड्याला थंडी लागत नाही, हवेतला ओलावा एकसारखा लागतो. मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "इटलीत मी काय पाहिलंय ते तू पाहिलेलं नाहीस." रिसेप्शनवरच्या चिनी मुलीनं मला एकदा हळूच विचारलं, "बॉस फ्रॉम इटली, इज इट?" मी म्हटलं, "नो, फ्रॉम पुणे." ती स्वेटरची बटणं लावत म्हणाली, "वाह, पुणे व्हेरी कोल्ड, अह?"

आमच्याकडे मुख्यतः असायची ती चर्चमध्ये गायची पुस्तकं. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या मठांत ती हातानं लिहीत. पानं कातड्याची, आणि आकार असा की पान उलटायला दोन्ही हात लागतात. कारण पुस्तक एकच आणि गाणारे सगळे त्याच्या समोर उभे, मागच्यालाही दिसलं पाहिजे. चार तांबड्या रेघा, त्यांवर काळे चौकोनी सूर, खाली लॅटिन शब्द. आणि मोठ्या सणाचं गाणं जिथे सुरू होतं तिथलं पहिलं अक्षर रंगवलेलं. ते एकेक अक्षर जेवणाच्या ताटाएवढं. पोटात एखादा संत किंवा राजा, शेपटीतून वेली निघून पानभर पसरलेल्या, वेलींवर पक्षी, ससे, गोगलगायी. निळा रंग अफगाणिस्तानातल्या दगडाची पूड करून आणलेला. सोन्याच्या वर्खाखाली तांबड्या मातीचा थर, म्हणून झिजलेलं सोनंही थंड पडत नाही, आतून गरम दिसतं. पहिल्यांदा असं पान हातात घेतलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

सरांच्या लेखी मात्र त्या पुस्तकाचे दोन भाग: सोनं आणि भुसा. रंगवलेलं अक्षर म्हणजे सोनं. नुसते सूर आणि शब्द असलेली पानं म्हणजे भुसा. "संगीत वाचतंय कोण?" म्हणायचे. पुस्तक यायचं, त्यातली अक्षरं सुरीनं चौकोनी कापून वेगळी व्हायची, फ्रेममध्ये जायची, आणि उरलेला भुसा एका दिव्यांच्या दुकानात. सरांच्या स्वतःच्या दिवाणखान्यात त्या पानांची दिव्याची छत्री आहे. दिवा लावला की चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची प्रार्थना टीव्हीच्या डोक्यावर उजळते. मला ती त्यांनी कौतुकानं दाखवली. मी म्हटलं, "सर, आमच्याकडे एकजण शाळेच्या पुस्तकातली चित्रं कापून वहीत चिकटवायचा. मग ते पुस्तक पुढच्या वर्षी मला मिळायचं. भोकांसकट." ते म्हणाले, "बघ! सौंदर्यदृष्टी कुणातही असते."

आणि हातमोजे! ग्राहक आले की सर पांढरेशुभ्र सुती हातमोजे चढवायचे, बोटं एकेक करून, सर्जनसारखी. फोनचे कॅमेरे वर व्हायचे. खरं म्हणजे कातड्याच्या पानाला स्वच्छ धुतलेला कोरडा हातच बरा. मोज्यांतून पानाची कड कळत नाही. पण मोज्यांत फोटो छान येतो. ग्राहक गेले की सर मोजे काढायचे आणि बोटाला थुंकी लावून पान उलटायचे. पाचशे वर्षं जुन्या पानाला. मी पाहतेय हे लक्षात आलं की म्हणायचे, "सवय आहे. बँकेतली."

हे सोनं खपायचं कसं? सरांचा शोध असा की माणूस सोनं घेताना हात आखडतो, पण आपल्या नावाचं सोनं म्हटलं की घेतो. म्हणून ते अक्षरं नावावर विकायचे. बारशाला बाळाच्या नावाचं, वास्तुशांतीला आडनावाचं, लग्नाला दोघांचं. लॅटिन गाणं कशाबद्दल आहे याच्याशी कुणाला काही नव्हतं. 'ए'ला सर्वांत मागणी. आपल्या लोकांच्या प्रत्येक घरात सध्या एक तरी 'आ'पासून सुरू होणारं बाळ असतं. 'वाय' आणि 'डब्ल्यू' त्या पुस्तकांत सापडतच नाहीत. ज्यांच्या घरी यश आणि यामिनी आहेत त्यांच्याबद्दल सरांना मनापासून वाईट वाटायचं. त्यांची तेवढी एकच करुणा मी खरी मानते.

एक मात्र सांगितलं पाहिजे, कारण खोटं लिहायची मला सवय नाही. त्यांना नजर होती. पान उभं धरून खिडकीकडे तिरकं करायचे, मान वाकडी, आणि सोन्यावरून घसरणाऱ्या उजेडावरून सांगायचे की हा तुकडा मूळचा आणि हा मागाहून कुणी लावलेला. मी सूक्ष्मदर्शकाखाली धरून तपासायचे, आणि ते बरोबर निघायचे. सोन्याकडे समोरून बघायचं नसतं, कडेनं बघायचं असतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. आभारही त्याच दिवशी मानले. इतकी नजर असलेल्या माणसाच्या हातात सुरी होती, याचाच मला राग यायचा. आंधळ्याला मी माफ केलं असतं.

आता लग्नाची गोष्ट. बँकेतले एक बडे अधिकारी, मराठीच. मुलाचं नाव रोहन, होणारी सून रिया. दोघांचं मिळून एकच 'आर' पुरणार म्हणून ते खूश होते. पण ईस्टरच्या गाण्याचा सुंदर 'आर' आधीच एका हिरेव्यापाऱ्याकडे गेला होता. उरला होता तो मृतांसाठीच्या प्रार्थनेचा. अक्षर देखणं, भरपूर सोनं, पण खालच्या वेलीत फळांच्या जागी बारक्या कवट्या.

"सर, हे मेलेल्या माणसासाठी गायचं गाणं आहे," मी म्हटलं. "खाली कवट्या आहेत, बघा."

"दिसतायत मला."

"लग्नात लावणार आहेत ते."

"खालचा भाग माउंटखाली जाईल," सर म्हणाले. माउंट म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती असते ती जाड पुठ्ठ्याची चौकट. "लॅटिन कुणाला येतं? सोनं सगळ्यांना येतं."

मग मी निदान कातड्याबद्दल सांगितलं. हे पान थंड कोरड्या खोलीतलं आहे, एकदम बाहेर नेलं तर ओलावा पिऊन फुगेल, वाकेल, त्याला चारी बाजूंनी सैल पट्ट्यांनी धरावं लागेल. सरांनी वरच्या कडेला टेप मारली. काचही काढायला लावली. काचेमुळे म्हणे सोनं झाकोळतं.

लग्न एका क्लबच्या हिरवळीवर, भर दुपारी. मांडवात नवरा-नवरीच्या डोक्यामागे फुलांची कमान आणि कमानीच्या मधोमध तो 'आर'. मी आणि सर पहिल्या रांगेत, सर मफलरसकट. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि माझं लक्ष अक्षराकडे गेलं. पान पोट पुढे काढत होतं. वरून टेपनं धरलेलं, खालून मोकळं. ते वळत वळत वर आलं आणि त्याची खालची कड माउंटच्या बाहेर डोकावली.

नवऱ्या मुलाची आत्या चष्मा वर करून पुढे झाली. "वहिनी, हे खाली दात कुणाचे?"

"कसले दात?"

"अहो, कवटी आहे ही! एक नाही, ओळ आहे ओळ!"

आमच्या रांगेतला एक मुलगा खुर्चीवर चढला. "मम्मी, स्केलेटन, लाह! सो कूल!"

नवरीची आई मटकन खाली बसली. गुरुजींना काहीतरी बिनसल्याचं कळलं असावं, कारण ते एकदम दुप्पट आवाजात म्हणायला लागले. सर उठून कमानीपाशी गेले आणि लोकांकडे तोंड करून म्हणाले, "हे तत्त्वज्ञान आहे. रेनेसाँसमध्ये कवटी म्हणजे जीवनाचं—"

"तुमचं तत्त्वज्ञान तुमच्या घरी लावा," मुलाची आई म्हणाली. "माझ्या सुनेच्या डोक्यावर नको."

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "फ्रेमचं काम मॅडमनी पाहिलं होतं."

"फ्रेम सरांनी केली," मी म्हटलं. शेडमध्ये वाढल्याचा एक फायदा म्हणजे आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. "मी नको म्हणाले होते. कवट्यापण दाखवल्या होत्या."

मला काढून टाकतील असं वाटलं होतं. काढलं नाही, माझ्या पगारात कातड्यातलं कळणारं दुसरं कुणी मिळालं नसतं. फक्त काही दिवस माझ्याशी रिसेप्शनवरच्या मुलीमार्फत बोलत होते. ती बिचारी माझ्या टेबलापाशी यायची आणि म्हणायची, "बॉस से यू व्हेरी रूड. बट ऑल्सो से वेअर इज द ग्लू."

त्या लग्नाची बातमी आपल्या लोकांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरली. ग्राहक विचारायला लागले, आमच्या अक्षराचं गाणं शुभ आहे ना? सरांनी लगेच मंगल प्रमाणपत्र काढलं. सोनेरी कडेचा कागद, वर अक्षराचा फोटो, खाली मजकूर: हे गाणं मांगल्याचं व भरभराटीचं आहे. त्याखाली तज्ज्ञ म्हणून माझी सही हवी होती.

"गाण्यात जे आहे ते लिहीन," मी म्हटलं. "एकात देवाकडे क्षमा मागितलीय, एकात शत्रूंपासून वाचव म्हटलंय. भरभराट कुठे नाही."

"क्षमा म्हणजे मांगल्यच की!"

"मग क्षमा असंच छापा."

कागद टेबलावर पडून राहिले. आणि त्याच दिवसांत, गणपती उठल्यावर लगेच, ते पुस्तक आलं.

लाकडी पुठ्ठे, वर चामडं, कोपऱ्यांना पितळी गुंड्या. मी आणि रिसेप्शनवरची मुलगी, दोघींनी मिळून ते टेबलावर ठेवलं. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहत गेले आणि माझा विश्वास बसेना. काहीही गेलेलं नव्हतं. आमच्याकडे आजवर आलेलं प्रत्येक पुस्तक आधीच कुणीतरी कुरतडलेलं असायचं. हे पाचशे वर्षं युद्धांतून, पुरांतून, धर्मगुरूंच्या आणि दलालांच्या हातांतून सबंध आलं होतं, ते क्वीन्सटाउनला आमच्या सरांच्या टेबलावर यायला.

पहिल्याच पानावर 'ए'. त्याच्या आत एक म्हातारा राजा गुडघ्यांवर बसलाय आणि दोन्ही हातांत एक इवलंसं बाळ धरून देवाकडे उचलतोय. ते बाळ म्हणजे त्याचा जीव. चर्चच्या वर्षाचं पहिलं गाणं ते: माझा जीव मी तुझ्याकडे उचलून धरलाय. सरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, बारशासाठी अतिशय योग्य. चहा होईपर्यंत 'ए' गेला. मग 'पी' गेला, मग 'जी', 'एस'. सर हर्षानं हात चोळत होते.

पुस्तक कापायची त्यांची एक रीत होती. मुहूर्त बघायचे, टेबलाला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे, मग सुरी. आपल्याकडे नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. सर पुस्तकाच्या बाबतीतही तोच शब्द वापरायचे. "पुढच्या आठवड्यात पुस्तक वाढवू." ग्राहकांना बघायला बोलवायचे. पेढे असायचे.

"सर, हे कापू नका," मी म्हटलं. "हे सबंध आहे. अशी आता मिळत नाहीत."

"सबंध पुस्तक कोण घेतंय? कपाटात ठेवायला?"

"मी कापणार नाही. आणि त्या प्रमाणपत्रांवर सहीपण करणार नाही."

सरांनी मफलर सारखा केला. "तुझा वर्क पास माझ्या सहीवर आहे, एवढं लक्षात ठेव."

"आहे लक्षात. सही करायला पेन तुम्हांला मीच शोधून देते."

त्यांचा चेहरा लाल झाला. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी तिथल्या तिथे ओढून बघितलं, बहुधा दुसऱ्याच दिवशी सुरी चालवायच्या इराद्यानं, आणि एकदम थबकले. "छे छे. पितृपंधरवडा लागला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मेलेल्यांचं गाणं लग्नाच्या मांडवात टांगणारा हा माणूस. इटलीच्या गोष्टी सांगणारा, गुरुजींना 'अंधश्रद्धेचे दुकानदार' म्हणणारा. पण पितृपक्षात सुरी नाही म्हणजे नाही. "घटस्थापनेला करू," ते म्हणाले. "या दिवसांत शुभकार्य नको."

"मग तोवर मी सगळ्या पानांचे फोटो काढते आणि वर्णन लिहून ग्रंथालयांना पाठवते. अख्खं घेणारं कुणी मिळालं तर?"

"लिही, लिही," सर म्हणाले. "नाहीतरी या दिवसांत दुसरं काही करता येत नाही."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. पास म्हणजे इथे काम करायचा परवाना; तो गेला तर माझी नोकरी गेली, आणि पुन्हा वर्षभर अर्ज. तो म्हणाला, "सोडायची तर सोड. पण नीट भांडून सोड. अर्धवट भांडण घेऊन घरी येऊ नकोस, ते इथे माझ्यावर निघतं."

मी कामाला लागले. पान उलटायचं, फोटो, मोजमाप, कुठला सण, कुठलं गाणं, रंग कुठले, सोनं कुठे झिजलंय. लॅटिन मी कामापुरतं स्वतःचं स्वतः शिकले आहे. अडलं की शब्दकोश. सूर मात्र मला वाचता येत नव्हते. आमच्या ब्लॉकमध्ये एक चिनी अंकल राहतात, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, रविवारी चर्चमध्ये गातात. रविवारी इमारतीखालच्या बाकावर ते पेपर वाचत बसले होते. त्यांना मी फोनवर ते पहिलं पान दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, बोटानं रेघा मोठ्या केल्या आणि हलक्या आवाजात गायला लागले. बाजूच्या बाकावर भाजीची पिशवी घेऊन बसलेल्या बाई बोलायच्या थांबल्या. एक सूर वर गेला, तिथेच रेंगाळला, उतरला. मग अंकल थांबले. "नेक्स्ट पेज?"

मी फोटो पुढे सरकवला. गाणं पानाच्या मागच्या बाजूला चालू होतं. बरोब्बर राजाच्या आणि बाळाच्या पाठीमागे. म्हणजे बारशाचा 'ए' कापला की गाण्याच्या मधोमध ताटाएवढं भोक.

"दिस वन कान्ट सिंग अलोन," अंकल म्हणाले. "टू लाँग. एव्हरीबडी मस्ट ब्रीद फॉर ईच अदर."

त्या दिवशी मी वर्णनात प्रत्येक रंगवलेल्या अक्षरापुढे एक ओळ जादा घातली: याच्या पाठीवर कुठलं गाणं आहे आणि अक्षर कापलं तर त्यातलं काय जाईल.

बहुतेक ग्रंथालयांनी उत्तर दिलं नाही. काहींनी शुभेच्छा दिल्या. सर रोज सकाळी विचारायचे, "काय, आलं का तुझं स्थळ?" सर्वपित्री अमावास्या जवळ आली. सरांनी सुरीला नवीन पातं लावून घेतलं, नारळ आणून टेबलाखाली ठेवला. आणि मग इथल्याच एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून उत्तर आलं. हस्तलिखितांच्या प्रमुख बाई पुस्तक बघायला स्वतः येणार होत्या, सर्वपित्रीच्या दिवशीच.

बाई आल्या. सरांनी चांदीच्या तबकात पांढरे मोजे पुढे केले. त्यांनी विचारलं, "हात धुवायला कुठे?" धुतले, पुसले, कोरडे केले आणि पुस्तकाशी बसल्या. दुपार झाली तरी उठल्या नाहीत. मी बाजूला उभी राहून पानं उलटायला मदत करत होते. शेवटी पुठ्ठा मिटून त्यांनी मला विचारलं, "खरंच काहीच गेलेलं नाही?"

"काहीच नाही. मी प्रत्येक पान पाहिलंय."

पुस्तकाची थोडी किंमत पैशांत घ्यावी आणि उरलेली देणगी समजावी, असं त्यांनी सरांना सुचवलं. सरांच्या चेहऱ्यावर नकार स्पष्ट उमटला. ग्रुपवर अक्षरं ठरलेली, लोकांना शब्द दिलेले. "विचार करून सांगतो," ते म्हणाले. हा त्यांचा नाही म्हणायचा प्रकार. बाई पाणी प्यायला बाहेर गेल्या. आता भांडून उपयोग नव्हता. मी सरांना ओळखत होते. दयेनं हा माणूस हलणार नाही, ज्ञानानंही नाही.

"सर," मी म्हटलं, "कापलेल्या अक्षराखाली घेणाऱ्याच्या बाळाचं नाव लागतं. अख्ख्या पुस्तकाखाली देणाऱ्याचं लागतं. कायमचं."

सर मफलरचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले. टेबलाकडे बघत होते, पुस्तकाकडे नव्हे. पुस्तकाच्या पलीकडच्या भिंतीवर त्यांना एक पाटी दिसायला लागली होती, हे मला समोर उभी राहून दिसत होतं.

"पाटीवरची अक्षरं मोठी असतील ना?" त्यांनी विचारलं.

"विचारून घेऊ," मी म्हटलं.

घटस्थापनेला पुस्तक खोक्यात गेलं. सरांनी खोक्यापुढे नारळ वाढवला, खोबरं आम्हांला वाटलं, पेढेही होतेच. ग्रुपवर त्यांनी लिहिलं की असे ग्रंथ कापणं हे सांस्कृतिक पाप असून आपण ते कधीच केलेलं नाही. बारशाचा 'ए' मागणाऱ्या बाईंनी त्याखाली रागाच्या तोंडांची रांग टाकली. पुढच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतर, सरांनी त्याच पुस्तकावर स्लाइड दाखवत भाषण केलं. आपण ते कसं वाचवलं, याचं. जेवण मागे खोळंबलेलं. माझ्या शेजारी एक लहान मुलगा आईला विचारत होता, "कॅन ईट ऑलरेडी ऑर नॉट?" माझं नाव भाषणात आलं नाही. 'आमच्या टीमनं' असा एक शब्द आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही.

त्याच सुमाराला माझा पास संपत होता. "या वेळी नूतनीकरण जमेलसं वाटत नाही," सर म्हणाले. मी "बरं" म्हटलं आणि माझी उपकरणं पिशवीत भरली. ते अजून गॅलरी चालवतात. अजून थंडीत बसतात. मध्यंतरी कुणीतरी सांगितलं, आता ते घरी ठरल्या वेळांना म्हणायच्या प्रार्थनांची छोटी पुस्तकं कापतात. ती छोटी असल्यानं पाप कमी लागत असावं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक जागा निघाली. मी अर्ज केला, परीक्षा दिली, मुलाखत दिली. तिथे कुणी घराण्याबद्दल विचारलं नाही. निवड झाली.

पुस्तक तिथे आहे. त्यातलं एकही पान, एकही अक्षर कापलेलं नाही. दात्याची पाटी सरांच्या नावाची आहे. वर्णन मी लिहिलेलं आहे, आणि त्याखाली माझं पूर्ण नाव छापलेलं आहे.